नळीएवढी काठी

खैरदरीच्या सहादेवला आडनाव होतं, पण ते रेशनकार्डावर. एरवी तो काठीवाला सहादेव. मिरजगावच्या बाजारातसुद्धा माणसं त्याच्याकडे बोट करून एकमेकांना सांगायची, तो बघा, पाटलाच्या गोळीसमोर उभा राहतो तो. सहादेवला ते आवडायचं. उगीच कशाला खोटं बोला, त्या बोट दाखवण्यावर त्याची छाती वर्षभर फुगलेली असायची.

खैरदरी म्हणजे मिरजगावचा डांबरी रस्ता सोडून तीन कोस आत, माळावर टाकून दिल्यासारखं गाव. तिथं दसऱ्याला सोनं लुटायच्या आधी पाटलानं एक गोळी झाडायची रीत होती. दुपार कलली की गाव वाजतगाजत शिवेवरच्या शमीपाशी जमे. कारभारी पाटील शमीखाली रायफल घेऊन उभा राही आणि त्याच्यापासून सव्वाशे पावलांवर, शिवेच्या पलीकडे काळ्या खडकावर, सहादेव. उजवा हात खांद्याच्या रेषेत बाजूला ताठ. त्या मुठीत उभी धरलेली काठी, काठीच्या वरच्या टोकाला शेंदूर फासलेला नारळ. गोळीनं नारळ फुटला की वर्ष चांगलं. मग शमीची पूजा, आपट्याची पानं, गळाभेटी. नारळ फुटला नाही, तर काठी हलली. पाटलाचा नेम चुकला असं वाक्य खैरदरीत तीन पिढ्यांत कुणी उच्चारलं नव्हतं. ते कुणाच्या जिभेवर यायलाच तयार नसे.

काठी किती लांब, याचाही नियम होता. रायफलीची नळी जेवढी, काठी तेवढी. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. असं का, ते कुणालाच माहीत नव्हतं. देवळाचा गुरव गहिनीनाथ, जो दरवर्षी माप घ्यायचा, तो म्हणायचा की एक मारणारी आणि एक झेलणारी, दोघी बहिणी, दोघींची उंची सारखीच पाहिजे. लोक माना डोलवायचे. पाटलाच्या आजाच्या वेळची ती इंग्रजी रायफल, तिची नळी सव्वातीन वीत. काठीचं खालचं टोक मुठीत गेलं तरी मुठीच्या वर आणि नारळाच्या खाली अडीच विती मोकळी हवा उरायची. सहादेवचा जीव आणि हात त्या अडीच वितींवर चालत होते. पण हवेकडे कोण बघतो.

या उभं राहण्याबद्दल सहादेवच्या घराला चार एकर वावर होतं, विहिरीसकट. काठीचं वावरच म्हणायचे त्याला. कसायचं सहादेवनं, कागदावर नाव पाटलाचं. कुळकायदा आला तेव्हा तलाठी स्वतः सहादेवच्या बापाला म्हणाला होता की नाव लावून घे, पुन्हा अशी वेळ येणार नाही. बाप म्हणाला, ज्याच्या गोळीसमोर मी छाती काढून उभा राहतो त्याच्यावर अर्ज कसा करू. असा तो मानी माणूस. त्या मानाचं ओझं पुढं पोराच्या डोक्यावर बसलं.

बापामागं सहादेव अठरा वर्षं उभा राहिला. त्याचं एक तंत्र त्यानं बसवलं होतं. आदल्या दिवशी जड काही उचलायचं नाही. खडकावर चढल्यावर आधी पायाखालचे खडे काढायचे. पायावर मुंगी चढली तर चढू द्यायची. डोळे मिटायचे नाहीत, कारण डोळे मिटले की माणूस डुलतो. श्वास अर्धा सोडून थांबवायचा आणि नजर रायफलीच्या तोंडावर ठेवायची. सव्वाशे पावलांवरून ते तोंड दिसत नसे, पण नळीच्या टोकावर उन्हाचा एक ठिपका चमकायचा, तो दिसायचा. ठिपका स्थिर झाला की गोळी येणार हे सहादेव ओळखून असे.

इथंच सगळी भानगड आहे. सगळं गाव पाटलाच्या पाठीमागं उभं राहायचं. त्याच्यासमोर उभा राहणारा एकटा सहादेव. त्यामुळं एकोणीसशे सत्तरच्या दसऱ्याला तो ठिपका थरथरला, तेव्हा ते फक्त सहादेवला दिसलं. नारळ तेव्हा कडेनं का होईना फुटला. पुढच्या वर्षी ठिपका थरथरला नाही, नाचला. गोळी दीड हात वरून सूं करत गेली. पाटलाचा डावा हात, ज्यावर ती लांब जड नळी तोलायची, तो हात संपला होता. पाटलाला ते माहीत होतं, सहादेवला माहीत होतं. तिसऱ्या कुणाला नव्हतं.

सहादेवनं खाली मान घालून सांगितलं की काठी हलली, चूक झाली. काय करणार, पोट वावरावर होतं.

आणि नशिबाची खोड बघा, त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. बहात्तरचं साल. बाजरी वितीएवढी होऊन वाळली, जनावरं बाजारात मातीमोल गेली, धडधाकट बायाबाप्ये दुष्काळी कामावर खडी फोडायला बसले आणि तांबड्या मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी खाऊ लागले. माणूस उपाशी असला की त्याला कुणीतरी दोषी लागतो. खैरदरीला तो शोधायची गरज नव्हती. काठी हलवून वर्ष बुडवणारा माणूस गावातच राहत होता. सहादेव दिसला की लोक थुंकायचे. खडीच्या ढिगाऱ्यावर त्याच्या शेजारी कुणी बसेना. गंमत म्हणजे गावाच्या सगळ्या विहिरी आटल्या आणि पाणी उरलं ते एकट्या काठीच्या वावरातल्या विहिरीत. सगळ्या गावच्या बाया तिथंच यायच्या, सहादेवच्या बायकोच्या, छबूबाईच्या, हातानं शेंदलेलं पाणी घागरीत ओतून घ्यायच्या आणि घागर डोक्यावर ठेवता ठेवता तिच्याच नवऱ्याच्या नावानं बोटं मोडायच्या. छबूबाई पुढची घागर भरायची.

त्या भाद्रपदात पाटलानं सहादेवला वाड्यावर बोलावलं. पाटलाचे कोपरगावकडचे व्याही, साखर कारखान्याचं बडं प्रस्थ, जीपमधून येऊन गेले होते. त्यांच्याकडे आखूड नळीची रायफल होती, हलकी, खेळण्यासारखी. पाटलानं ती उचलून पाहिली आणि त्याच्या डोक्यात भरलं की आपलाही रोग हाच. नळी लांब, म्हणून जड. जड, म्हणून हात भरून येतो. नळी कापली की हात थांबेल. अर्थात तोंडानं तो म्हणाला की जीपमध्ये लांब बंदूक अडकते. त्याच्याकडे जीप नव्हती.

लायसनवर राखणदार म्हणून सहादेवचं नाव चढवलेलं होतंच. परवानगीचा कागद आणि चिठ्ठी घेऊन, रायफल गोणपाटात गुंडाळून, सहादेव एसटीनं नगरला आमोस मिस्तरीकडे गेला.

आमोस मिस्तरी म्हणजे साठीचा, बारीक अंगाचा माणूस. उमेदीत लष्कराच्या वर्कशॉपात बंदुका दुरुस्त करायचा, आता स्वतःचं लहानसं दुकान. रविवारी चर्च चुकवायचा नाही आणि इतर दिवशी कुणाची भीड ठेवायचा नाही. चिठ्ठी वाचून त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. नळी दोन वीत ठेवावी, बाकी कापून टाकावी, असं तिच्यात लिहिलं होतं.

"पाटलाला कळतंय का, काय मागतोय ते?" आमोसनं विचारलं.

सहादेव म्हणाला की त्यांना हलकी पाहिजे.

आमोसनं त्याला बाकाशेजारी बसवलं. समोरचा माणूस अडाणी आहे म्हणून त्यानं सांगायचं टाळलं नाही, हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवलं पाहिजे. काडतुसातली दारू पेटली की गोळीला मागून रेटते, तो म्हणाला, आणि हा रेटा गोळी नळीत असते तोवरच. नळी लांब, तर रेटा जास्त वेळ. नळी आखूड केली की गोळी अर्ध्या रेट्यावर बाहेर पडते, उरलेली दारू बाहेरच भडकते. म्हणजे आवाज मोठा, जाळ मोठा आणि गोळीचा वेग दहातला एक हिस्सा कमी. वेग कमी म्हणजे लांबवर जाऊन ती आधीपेक्षा खाली बसणार.

मग नेम बिघडतो, असं सहादेवनं धरून घेतलं. आमोसनं मान हलवली. लोक तेच समजतात आणि चुकतात, तो म्हणाला. नळीचं तोंड काटकोनात कापलं, नीट घासलं, तर आखूड नळीसुद्धा गोळीमागं गोळी एकाच जागी टाकते. गोळी बहकत नाही, बहकतो तो धरणारा. मग त्यानं आतल्या घरातून कागदावर चिमूटभर खसखस आणली आणि तिचा एक दाणा नळीवरच्या माशीला, म्हणजे टोकाच्या त्या बारीक उंचवट्याला, थुंकीनं चिकटवला.

"मागच्या खाचेतून ही माशी बघून नेम धरतात. धरणाऱ्याचा हात या दाण्याएवढा हलला, तर सव्वाशे पावलांवर गोळी पाऊण वीत चुकेल. आता नळी कापली की माशी खाचेच्या जवळ येणार. मग हाच दाणा दीड वीत चुकवेल. हात तोच, चूक दुप्पट. आणि तोंडाकडचं वजन गेलं की हलका हात आणखी हलतो, ते वेगळंच. मोठ्या आवाजानं माणूस दचकतो, तेही वेगळं. पाटलाचा हात कसा आहे?"

सहादेवनं वाकून तो खसखशीचा दाणा पाहिला. मग अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून ते बाहेर आलं.

"हलतो. लई हलतो."

आमोसनं रायफल पुन्हा गोणपाटात गुंडाळायला घेतली. परत ने म्हणाला. तेव्हा सहादेवनं त्याला काठी सांगितली, खडक सांगितला, वावर सांगितलं, विहीर सांगितली. आणि सगळ्यात शेवटी, काठी नळीएवढी असते, हे सांगितलं. आमोसचा हात तिथंच थांबला. हिशेब त्याला लगेच कळला. नळी सव्वा वीत कापायची, म्हणजे काठीही सव्वा वीत कापायची. चूक दुप्पट करायची आणि चुकीला ठेवलेली जागा निम्मी करायची. असली अक्कल फक्त माणसालाच सुचू शकते.

पण रिकाम्या हातानं परत जाणं सहादेवला शक्य नव्हतं. शेवटी आमोसनंच काम केलं. नळी शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या लोखंडी पकडीत, आवळली, गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावून रेघ मारली, करवतीनं सावकाश कापली. कानशीनं तोंड घासलं, पितळी गोळा फिरवून आतली कड सारखी केली, कापलेल्या तुकड्यावरची माशी काढून नव्या टोकावर बसवली. दुसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या दगडाच्या खाणीत नेऊन, रायफल वाळूच्या पोत्यावर टेकवून, सव्वाशे पावलांवर तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही चार बोटं खाली बसल्या, पण तळहाताएवढ्या जागेत. त्यानं माशी घासून तो फरकही काढून टाकला. नळीकडून आता काही खोट नाही, म्हणाला. पाटलाला सांग, उभ्यानं झाडू नको, पोत्यावर टेकव.

निघताना त्यानं नळीचा कापलेला तुकडा कागदात गुंडाळून सहादेवच्या हातात दिला. हाही नळीचाच भाग आहे, असं म्हणाला. दोन्ही तुकडे मिळून काठी मोजायला सांग. सहादेवचा चेहरा उजळला. परतीच्या एसटीत तो तुकडा त्यानं पोटाशी धरून ठेवला.

वाड्यावर पाटलानं रायफल उचलली, खांद्याला लावली आणि खूश झाला. हलकी होती, झकास होती. सहादेवनं हात जोडून मिस्तरीचा निरोप सांगितला की मालक, पोत्यावर टेकवून झाडा म्हणत्यात.

पाटलानं रायफल खाली घेतली. हे आमोस कशावरून म्हणाला, त्यानं शांतपणे विचारलं. आमोसनं माझा हात कधी पाहिलाय? सहादेवची नजर पाटलाच्या डाव्या हाताकडे गेली आणि ती नजरच सगळं बोलून गेली. पाटलाला कळलं की समोरच्या माणसाला माहीत आहे. नुसतं माहीत नाही, त्यानं ते नगरला जाऊन सांगितलंय. आपलं व्यंग पाहणाऱ्याला माणूस एक वेळ माफ करतो, पण हे पाहणं ज्याला लपवता आलं नाही त्याला नाही करत.

"म्हाताऱ्यागत पोत्यावर टेकवू व्हय रं सहाद्या?" पाटील म्हणाला. "दसऱ्याला बघू, कुनाचा हात हलतोय त्ये."

दसऱ्याच्या सकाळी छबूबाईनं नवऱ्याला भाकरी वाढली आणि समोर बसून राहिली. इतक्या वर्षांत ती कधी आडवी आली नव्हती, आज आली. वावर जाऊ द्या म्हणाली. खडी तर फोडतोच आहोत, पुढंही फोडू. सहादेवनं ऐकून घेतलं आणि म्हणाला की आज गेलो नाही तर उद्या वावर जाईल आणि वावर गेलं तरी शिव्या जाणार नाहीत. शिवाय माझ्याकडे तुकडा आहे. त्यानं कमरेला खोचलेला तो नळीचा तुकडा तिला दाखवला. बिचाऱ्याचा कायद्यावर फार विश्वास होता, म्हणजे गावाच्या कायद्यावर.

दुपारी गाव जमलं. वाजंत्री बेताचीच होती, नवे कपडे कुणाच्याच अंगावर नव्हते, पण नजरा मात्र अधाशी होत्या. या वर्षी नारळ फुटलाच पाहिजे, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. गहिनीनाथनं शमीखाली घोंगडी अंथरून त्यावर रायफल आडवी ठेवली, शेजारी नवी काठी ठेवली आणि कोयत्यानं खूण करायला वाकला. तेव्हा सहादेव पुढं झाला. कमरेचा तुकडा काढून त्यानं नळीच्या तोंडाला टेकवून ठेवला. बरोबर बसला तो. कापलेली जागा दिसूसुद्धा नये, एवढं आमोसचं काम सरळ होतं.

"गुरव, ही बी तीच नळी हाय," तो म्हणाला. "दोन्ही मिळून मोजा."

लोकांत कुजबुज झाली. गहिनीनाथचा कोयता थांबला. तो म्हातारा तसा वाईट नव्हता, त्यानं दोनदा रायफलीकडे पाहिलं, एकदा सहादेवकडे पाहिलं आणि मग पाटलाकडे. हीच चूक झाली त्याची. पाटील सावकाश वाकला, तुकडा उचलला आणि माळावर लांब भिरकावून दिला.

"तुटलं त्ये मोजत न्हाईत," तो म्हणाला. "कापा काठी."

काठी दोन वितींवर कापली गेली. गावातून एक माणूस बोलला नाही. ज्यांच्या घागरी छबूबाईनं भरल्या होत्या त्या बायाही गप्प होत्या. उलट मागून कुणीतरी म्हणालं की गेल्या वर्षी हलवलीस, आता आखूड आहे, आता हलवून दाखव.

सहादेव सव्वाशे पावलं चालत खडकापाशी गेला. पायाखालचे खडे काढले. काठी मुठीत धरली, हात बाजूला ताठ केला. आधी त्या नारळाचं ओझं मनगटावर लांबून यायचं, आज नारळ इतका जवळ होता की शेंदराचा वास येत होता. मुठीच्या वर फक्त सव्वा वीत हवा होती. त्याला आमोसचा दाणा आठवला. दाण्याची किंमत दीड वीत. हिशेब जमत नव्हता, पाव वीत कमी पडत होती.

त्यानं शमीकडे पाहिलं. उन्हाचा ठिपका वर आला. नेहमी तो बारीक चमकायचा, आज मधमाशी बाटलीत कोंडावी तसा वर-खाली, आडवा-तिडवा फिरत होता. एकदा थांबला, पुन्हा निघाला. सहादेवला वाटलं, हात खाली घ्यावा आणि ओरडून सांगावं की बघा, काठी नव्हे, ते हलतंय. पण सगळं गाव ठिपक्याच्या मागं उभं होतं आणि तिथून तो दिसत नव्हता. त्यानं श्वास अर्धा सोडला.

आधी जाळ दिसला, हातभर. मग त्याच्या मुठीवर कुणीतरी घण घातला. मग आवाज आला.

नारळ खाली खडकावर पडला आणि फुटला.

सव्वाशे पावलांवरून गावानं एवढंच पाहिलं की नारळ खाली आला आणि फुटला. एकच गिल्ला झाला. ताशा सुरू झाला, पाटलाला लोकांनी खांद्यावर घेतलं, पोरं खडकाकडे धावली आणि जवळ गेल्यावर थबकली. सहादेव अजून उभाच होता. हात अजून खांद्याच्या रेषेत बाजूला धरलेला होता, पण त्याच्या टोकाला मूठ राहिली नव्हती. छबूबाई लोकांना ढकलत आली. तिनं पदर फाडून मनगट आवळलं आणि त्याला खाली बसवलं.

मागोमाग पाटील आला, गहिनीनाथ आला. सगळे आले. नारळाच्या दोन भकला खडकावर पडल्या होत्या, गोळीचा मागमूस त्यांच्यावर नव्हता. ज्याला डोळे होते त्या प्रत्येकाला ते दिसत होतं. गहिनीनाथनं भकल हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. आता कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

पाटील सहादेवसमोर उभा राहिला. त्याचा डावा हात धोतराच्या सोग्यात लपवलेला होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं विचारलं,

"सहादेवा, गोळी कुठं लागली?"

त्यानं सहाद्या म्हटलं नाही, सहादेवा म्हटलं. सहादेवला वेदना अजून नीट पोचलेली नव्हती, डोकं मात्र लख्ख चालत होतं. हाताला लागली म्हणावं, तर नारळाला लागली नाही. नारळाला लागली नाही, तर काठी हलली. काठी हलली, तर पुढचं वर्षही बुडालं, आणि या उपाशी गावाला ते सहादेवनं बुडवलं. मग वावर गेलं, विहीर गेली आणि कदाचित जीवही. हात तर काय, गेलेलाच होता. छबूबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटलं, आता तरी बोलेल.

"नारळाला," सहादेव म्हणाला. "नारळाला लागली, मालक. मग हाताला."

छबूबाईनं त्याचं मनगट सोडलं नाही, पण मान फिरवली. लोकांनी पुन्हा गिल्ला केला. भकलांवर रक्त उडालं होतं, ते गहिनीनाथनं तांब्यातल्या पाण्यानं धुतलं आणि खोबऱ्याचे बारीक तुकडे करून प्रसाद वाटला. पाणी काठीच्या वावरातलंच होतं. सहादेवला बैलगाडीत घातलं तेव्हा त्याच्याही डाव्या हातावर कुणीतरी तुकडा ठेवला.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मनगटापाशी हात काढला. महिन्याभरानं तो घरी आला, तर वावर त्याच्याकडेच होतं. पाटलानं शब्द पाळला, असं गाव म्हणत होतं. आणि पुढच्या मृगात पाऊस आला. असा आला की ओढे फुटले, बाजरी पुरुषभर वाढली, विहिरी काठाला लागल्या. मग तर काय विचारता. पाटलाच्या गोळीनं पाऊस आणला, अशी दवंडी पिटायची तेवढी बाकी राहिली. सहादेव वाटेत दिसला की आता लोक रामराम घालायचे. तो डावा हात उचलून रामराम घ्यायचा. छबूबाई शेतात राबायची, स्वयंपाक करायची, त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या लावून द्यायची, पण त्या दिवसाबद्दल ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही.

पुन्हा भाद्रपद आला. पाटलानं निरोप धाडला. रायफल आखूड केली तेव्हा गुण आला, तर आणखी चार बोटं कापावी, आणखी गुण येईल. सहादेवला एकच हात उरला म्हणून गावात थोडी चर्चा झाली होती, दुसरा माणूस नेमावा का. पाटलानंच ती मोडून काढली. डावा शाबूत आहे ना, म्हणाला. तुटलेलं आपण मोजत नाही.

आमोस मिस्तरीनं दारात सहादेवला ओळखलं. काखेत गोणपाटाचं गुंडाळं, उजवी बाही गाठ मारलेली. मिस्तरी त्या गाठीकडे बघत राहिला. कधी, एवढंच त्यानं विचारलं. दसऱ्याला, सहादेवनं सांगितलं. आमोसनं परवानगीचा कागद वाचला, चिठ्ठी वाचली, दोन्ही बाकावर ठेवली आणि रायफल होती तशी त्याच्याकडे सरकवली.

"मी कापणार नाही. आमोस मेला म्हणून सांग त्याला."

सहादेव उठला नाही. तो नगरपर्यंत येताना वाटभर याच उत्तराची तयारी करत आला असावा, कारण त्याचा आवाज अगदी सपाट होता.

"मिस्तरी, तुमी न्हाई म्हनलात, तर म्या दुसऱ्याकडं जाईन. त्यो तोंड वाकडं कापील. वाकड्या तोंडातली गोळी कुठं जाईल, त्ये देवाला बी ठावं नसतं. पाटलाचा हात कसा हलतो त्ये मला पाठ हाय. नळी तेवढी खरी ठेवा. बाकीचं म्या बघून घेतो."

आमोस उठला, चष्मा खाली घेतला आणि रायफल शेगड्यात आवळली. काठी आता किती, त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं. दीड वितीला थोडी वर, सहादेव म्हणाला. आमोसनं गुण्या लावला. एकदा लावला, काढला, पुन्हा लावला. मग करवत घेतली.

सहादेव दुकानाच्या दाराशी जाऊन उजेडात उभा राहिला. डावा हात त्यानं खांद्याच्या रेषेत बाजूला ताठ केला, मूठ वळली आणि करवत थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला. हात हलला नाही.